जुन्या वाहनाची पूजा : जीर्णोद्धार की निरोप?

आश्विन शुद्ध दशमी हा साडेतीन मुहूर्तांतील एक पूर्ण मुहूर्त. या दिवशी वाहनाच्या संबंधाने आपल्याकडे दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. अंगणात जुनी गाडी धुऊनपुसून उभी केली जाते, तिला झेंडूची माळ घातली जाते, समोरच्या पत्र्यावर हळदकुंकवाचे स्वस्तिक उमटते आणि चाकापाशी नारळ वाढवला जातो. त्याच दिवशी, त्याच आळीत, दुसऱ्या कोणाच्या दारी कोरी करकरीत गाडी येते आणि घरची सुवासिनी तिला ओवाळून घेते. जुन्याचे पूजन आणि नव्याचे स्वागत ही दोन्ही कर्मे एकाच मुहूर्ताने आपल्या पोटात सामावून घेतली आहेत.

या दोहोंच्या मध्ये सापडलेली घरे मात्र पुष्कळ आहेत. दारात पंधरा-वीस वर्षांची व्हॅन उभी असते. तिनेच मुलांना शाळेत पोहोचवले, तिनेच लेकीची पाठवणी केली, तिच्यातूनच घरच्या वडीलधाऱ्यांनी औदुंबर, नृसिंहवाडी आणि गाणगापूर या क्षेत्रांचे दर्शन घेतले. आता ती चढावर धापा टाकते, थंडीच्या सकाळी लवकर सुरू होत नाही, आणि मिस्त्रीने सांगितलेला खर्चाचा आकडा ऐकून घरातला कर्ता पुरुष गप्प बसतो. दसरा जवळ आला की घरात विषय निघतो : हिची दुरुस्ती करावी, की हिला निरोप द्यावा?

कारंजा हे श्रीनृसिंहसरस्वती स्वामी महाराजांचे जन्मस्थान. गुरुमंदिरात दर्शनासाठी गावोगावची मंडळी वर्षभर येत असतात आणि त्यांतील कित्येक कुटुंबे आपापल्या जुन्या वाहनांनीच येतात. कीर्तन संपले, बुक्का लावून झाला, की कोणी ना कोणी जवळ येऊन हा प्रश्न आम्हांस विचारतो. हा प्रश्न गॅरेजमध्ये विचारावयाचा, कीर्तनकाराला कशासाठी, असे एखाद्यास वाटेल. परंतु विचारणाऱ्याच्या मनात केवळ पैशाचा हिशोब नसतो. ज्या वस्तूची आपण वर्षानुवर्षे पूजा केली ती भंगारात देणे हे पाप तर नव्हे ना, ही शंका त्याच्या मनाला टोचत असते. ती शंका शास्त्राच्या आधाराने आणि व्यवहाराच्या कसोटीवर सोडवावी, एवढाच या लेखाचा हेतू.

पूजा कोणाची?

‘वाहन’ हा शब्द संस्कृतातील ‘वह्’ या धातूपासून आला. जे वाहून नेते ते वाहन. म्हणजे वाहनाचे वाहनपण त्याच्या पत्र्यात नाही, रंगात नाही, किमतीत नाही. ते त्याच्या वाहून नेण्यात आहे. नवमीला आपण शस्त्रे पूजतो, शेतकरी नांगर पूजतो, सुतार करवत-रंधा पूजतो, लेखक दौत-लेखणी पूजतो. या प्रत्येक पूजेत त्या वस्तूकडून होणाऱ्या कार्याविषयी कृतज्ञता असते. बोथट झालेल्या करवतीला सुतार फुले वाहतो आणि दुसऱ्या दिवशी तिला धारही लावतो. फुले वाहिली म्हणून धार लावावयाची नाही, असे तो म्हणत नाही.

हाच न्याय वाहनाला लावला पाहिजे. ज्या गाडीचे ब्रेक लागत नाहीत तिला माळ घालून तीत लेकराबाळांना बसवणे ही पूजा नव्हे. वाहनाच्या पूजेत त्यात बसणाऱ्या जीवांची काळजी अंतर्भूत आहे. कठोपनिषदात शरीराला रथाची उपमा दिली आहे. तेथे रथ आहे, घोडे आहेत, लगाम आहे, सारथी आहे, पण हे सगळे ज्याच्यासाठी आहे तो रथाचा स्वामी वेगळा सांगितला आहे. रथ हा रथीसाठी असतो. रथी रथासाठी नसतो. आमच्या मते या सगळ्या प्रश्नाची किल्ली येथे आहे.

देवालयांच्या बाबतीत आपल्या परंपरेने दोन्ही वाटा सांगून ठेवल्या आहेत. शिखर पडझडीला आले, ओवरी खचली, तर जीर्णोद्धार करावा. जीर्ण म्हणजे झिजलेले आणि उद्धार म्हणजे वर उचलणे. परंतु मूर्तीच भंगली तर ती पूजेत न ठेवता तिचे विधिपूर्वक विसर्जन करावे, असाही दंडक आहे. भाग झिजला तर उद्धार, मूळ भंगले तर निरोप. दोन्ही कृत्ये श्रद्धेचीच आहेत. श्रद्धावान मनुष्याचे काम एवढेच, की आपल्यापुढे यांपैकी कोणता प्रसंग आहे हे त्याने डोळसपणे ओळखावे.

शकुंतलेचा दाखला

दूरचे उदाहरण कशाला? आमच्या कारंजावरून जाणाऱ्या मूर्तिजापूर–यवतमाळ या अरुंद लोहमार्गाचेच पाहा. ‘शकुंतला’ या लाडक्या नावाने ही गाडी साऱ्या वऱ्हाडाला ठाऊक आहे. अडीच फुटी रुळांवरून, शेताशिवारांतून, सावकाश जाणारी ही गाडी मुख्यतः वऱ्हाडच्या कापसासाठी सुरू झाली आणि पुढे गोरगरिबांचे प्रवासाचे साधन झाली. तिला ओढणारे वाफेचे इंजिन १९२१ मध्ये इंग्लंडातील मँचेस्टर येथे तयार झाले होते. १९२३ पासून त्याने सेवा केली आणि १५ एप्रिल १९९४ रोजी ते निवृत्त होऊन त्याच्या जागी डिझेलचे इंजिन आले. म्हणजे सत्तर वर्षांहून अधिक काळ एकच इंजिन राबले.

हे कसे साधले, याचा विचार करण्यासारखा आहे. त्या इंजिनाचा सांगाडा दणकट होता. त्याचा प्रत्येक भाग डोळ्यांना दिसणारा आणि हाताने खोलता येणारा होता. जाणकार कामगार त्याची नित्य देखभाल करीत. त्याचा वेग बेताचा होता, त्यामुळे त्याच्या अंगावर सोसवणार नाही असा ताण पडत नसे. सांगाडा, सुटे भाग, जाणता कारागीर आणि झेपेल असे काम या चार गोष्टी जोवर आहेत तोवर जुने यंत्र जुने म्हणून टाकून देण्याचे कारण नाही. आणि तरीही त्या इंजिनाला एके दिवशी विश्रांती द्यावीच लागली. त्यात त्याचा अपमान झाला असे कोणी मानले नाही. पुढे गाडीही थांबली. तरी आजही जुनी माणसे शकुंतलेचे नाव काढतात. वाहन गेले म्हणून त्याची आठवण जात नाही, हे आमच्या गावाने पाहिले आहे.

जीर्ण काय झाले आहे?

आता घरच्या व्हॅनकडे वळू. आपल्याकडे घरगुती व्हॅन म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मारुतीचीच व्हॅन उभी राहते. १९८४ मध्ये ती बाजारात आली आणि पुढे ‘ओम्नी’ या नावाने घरोघर पोहोचली. ७९६ घन सेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे इंजिन, दोन्ही बाजूंना सरकते दार आणि आत आठ माणसे कोंबली तरी तक्रार न करणारी ही गाडी मध्यमवर्गीय कुटुंबांची फार सोयीची सोबतीण झाली. वाहनसुरक्षेचे नवे नियम आल्यावर २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज दारात उभी असलेली अशी प्रत्येक व्हॅन जुन्या पिढीची आहे.

तिची परीक्षा करताना अवयव आणि सांगाडा हा भेद प्रथम करावा. क्लच प्लेट, ब्रेक लायनर, बॅटरी, रेडिएटर, टायर, शॉक अॅब्सॉर्बर, फार काय प्रत्यक्ष इंजिनसुद्धा, हे सगळे अवयव होत. ते झिजणारच आणि ते बदलता येतात. या व्हॅनच्या इंजिनाचे नाते मारुती ८०० या मोटारीच्या इंजिनाशी असल्यामुळे सुटे भाग आणि ते जाणणारे मिस्त्री तालुक्याच्या गावीही सापडतात. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल जळते आहे, असे समजावे. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर आत पाणी शिरत असल्याची शंका घ्यावी. काळा धूर असेल तर पेट्रोल वाजवीपेक्षा जास्त जाते आहे. ही सर्व दुखणी उपचार करता येण्याजोगी आहेत. एकट्या इंजिनाच्या कुरकुरीवरून गाडी भंगारात काढणे म्हणजे दात दुखला म्हणून माणसाची आशा सोडण्यासारखे आहे.

सांगाड्याची गोष्ट निराळी. जीपला किंवा ट्रकला जशी स्वतंत्र जाड चासी असते तशी या छोट्या व्हॅनला नसते. पत्रा दाबून, जोडून केलेले तिचे अंगच सगळा भार पेलते. ते गंजले तर गाडीचे हाडच गेले. आमच्या वऱ्हाडातील काळी चिकण माती पावसाळ्यात गाडीच्या पोटाला जाऊन बसते आणि ओल धरून ठेवते. वरून रंग चकचकीत असतो आणि खालून पत्रा पोखरला जात असतो. म्हणून पाय ठेवण्याच्या जागेचा रबरी गालिचा उचलून पाहावे. दारांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी आणि विशेषतः मागचे पाटे जेथे जोडलेले असतात ती जागा गाडी वर उचलून तपासून घ्यावी. एखाद्या ठिकाणी भोक असेल तर चांगला कारागीर तेथे नवा पत्रा जोडून देईल. परंतु ठिगळावर ठिगळ असेल, किंवा जेथे चाकांचा भार येतो तेथेच पत्रा भुसभुशीत झाला असेल, तर वेल्डिंगने दिसणे सुधारते, बळ येत नाही. दसऱ्यासाठी गाडी धुताना अंगावर जेवढे पाणी ओतता तेवढेच तिच्या पोटाखाली ओता, असे आम्ही मंडळींना सांगतो, ते यासाठीच.

आणखी एक गोष्ट आहे. जे मुळात नाही ते दुरुस्तीने येत नाही. या व्हॅनमध्ये इंजिन पुढच्या आसनांच्या खाली असते. समोर बॉनेट नाही. चालवणाऱ्याचे गुडघे आणि समोरचा ट्रक यांच्यामध्ये केवळ पातळ पत्रा आणि काच. धक्का झेलणारी एअरबॅग नाही. गावातल्या गावात, शेतापर्यंत, बाजारापर्यंत, संथ वेगाने जाण्यास ही गाडी पुष्कळ आहे. पण आता काळ बदलला. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग कारंजाजवळून जातो. या ७०१ किलोमीटरच्या महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तेथे मोटारींसाठी वेगाची मर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. उन्हाने तापलेल्या त्या काँक्रीटवर जुन्या टायरांची, आठ माणसे भरलेली व्हॅन घालणे म्हणजे तिच्याकडून न झेपणारे काम करून घेणे होय. शकुंतलेचे इंजिन सत्तर वर्षे टिकले त्याचे एक कारण हेच, की त्याला कोणी आगगाड्यांच्या शर्यतीत उतरवले नाही.

टायरांविषयी थोडे अधिक सांगतो. नक्षी शिल्लक आहे म्हणून टायर चांगला, असे नव्हे. टायरच्या बाजूवर चार अंक कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. ‘३२१८’ असे असेल तर तो २०१८ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झाला. उभ्या गाडीचेही टायर वयाने कडक होतात, त्यांना चिरा पडतात. तसेच ज्या गाड्यांत सी.एन.जी.चे टाके आहे त्यांनी त्याची दर तीन वर्षांनी होणारी दाबाची चाचणी चुकवू नये. आणि स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर गाडीला जोडण्याचा जो प्रकार काही ठिकाणी चालतो तो कायद्याने गुन्हा आहे आणि आपल्याच लेकरांच्या आसनाखाली अग्नी ठेवण्यासारखा आहे.

खर्चाचे गणित

‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ ही म्हण अशा वेळी हटकून ऐकू येते. ती खरी आहे, पण अर्धीच. समजा, दुरुस्तीचा अंदाज चाळीस हजार रुपये आहे आणि गाडी विकावयास काढली तर तिला पन्नास हजार येतील. एवढ्यावरून दुरुस्ती करू नये असे ठरत नाही. त्या चाळीस हजारांत गाडी पुढे किती दिवस निर्धोकपणे चालेल, हा खरा प्रश्न. तीन वर्षे चालली तर महिन्याला सुमारे अकराशे रुपये पडले. एवढ्या हप्त्यात नवी गाडी कोणी देणार नाही. सहाच महिने चालली तर महिन्याला साडेसहा हजारांहून अधिक पडले आणि पुन्हा रस्त्यावर अडकण्याची धास्ती वेगळी. म्हणून आकडा विचारण्याबरोबरच मिस्त्रीला मुदतही विचारावी, आणि शक्य झाल्यास दुसऱ्या एका जाणत्या मिस्त्रीचेही मत घ्यावे. ज्याला काम मिळावयाचे नाही त्याचे मत सहसा अधिक मोकळे असते.

गेल्या वर्षी एवढा खर्च केला, तो वाया कसा घालवावयाचा, असे म्हणून पुन्हा खर्च करणारे आम्ही पाहतो. गेलेला पैसा गेला. तो गाडी ठेवली तरी परत येत नाही आणि दिली तरी परत येत नाही. निर्णय उद्याच्या खर्चावर आणि उद्याच्या उपयोगावर करावा. गाडी वर्षातून दहा-बारा दिवसच लागत असेल तर भाड्याची गाडी करणे हाही मार्ग आहे, आणि त्यात कमीपणा कसलाच नाही.

उलट बाजूनेही सावध राहावे. शेजाऱ्याच्या दारी नवी गाडी आली, मुहूर्तही हाताशी आहे, म्हणून ऋण काढून सण साजरा करणे शहाणपणाचे नव्हे. २२ सप्टेंबर २०२५ रोजी, त्या वर्षीच्या घटस्थापनेच्याच दिवशी, लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, ही गोष्ट खरी. त्यामुळे नवी गाडी पूर्वीपेक्षा आवाक्यात आली. परंतु आवाक्यात येणे आणि गरज असणे यांत अंतर आहे. मुहूर्त दरवर्षी येतो; कर्जाचा हप्ता दरमहा येतो.

कायदा काय म्हणतो?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांपुरती असते. त्यानंतर वाहन तपासणीस दाखवून नोंदणी पाच-पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या या नूतनीकरणाचे शुल्क सहाशे रुपयांवरून पाच हजार रुपये झाले, आणि ऑगस्ट २०२५ मधील दुरुस्तीने वीस वर्षांवरील हलक्या मोटारींसाठी ते दहा हजार रुपये झाले. दुरुस्तीचा हिशोब करताना हा खर्च आणि विम्याचा हप्ता यांची बेरीज विसरू नये. नोंदणीची मुदत संपलेली गाडी रस्त्यावर आणणे बेकायदा आहे, आणि अपघात घडला तर विम्याच्या भरपाईतही अडचण उभी राहते.

गाडी द्यावयाची ठरलीच तर ती कागदपत्रांशिवाय कोणा भंगारवाल्याच्या हवाली करू नये. २०२१ पासून केंद्र शासनाने जुन्या वाहनांची मोडणी करणाऱ्या नोंदणीकृत केंद्रांची व्यवस्था केली आहे. तेथे गाडी दिली म्हणजे जमा केल्याचे प्रमाणपत्र मिळते, नोंदणी रद्द होते, आणि नवे खासगी वाहन घेताना वाहनकरात पंचवीस टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. गाडी दुसऱ्यास विकली तर नोंदणीतले नाव बदलून घेतल्याशिवाय सुटका झाली असे मानू नये. नोंदणीत ज्याचे नाव, त्याच्यावरच अपघाताच्या भरपाईची जबाबदारी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. विक्री तोंडी, गाडी परक्याच्या हाती आणि नाव आपले, हा प्रकार महागात पडतो.

एका घरातील प्रसंग

येथवर सांगितलेले सगळे पटूनही मन तयार होत नाही, असा अनुभव असतो. आमच्या परिचयाच्या एका घरात असेच घडले. व्हॅन वीस वर्षांची. तिचे इंजिन अजून गोड चाले. आजोबांना त्याचा मोठा अभिमान. सूनबाईंना मात्र मुलांना त्या गाडीतून शाळेत पाठवण्याचे भय वाटू लागले होते. मोठ्यांपुढे त्या बोलत नसत. मुले परत येईपर्यंत दारात उभ्या राहत. एके दिवशी मिस्त्रीने गाडी वर उचलली, गालिचा बाजूला केला आणि हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरने पत्रा दाबला. तो आरपार गेला. नातू जेथे पाय ठेवून बसत असे, नेमकी तीच जागा.

आजोबा संध्याकाळी आमच्याकडे आले. “बुवा, इंजिन ठणठणीत आहे हो. जिने मला गाणगापूर दाखवलं, तिला भंगारात घालू? देवाला काय वाटेल?”

आम्ही त्यांना उपदेश केला नाही. महाभारतातील शल्यपर्वाची कथा तेवढी सांगितली. अठरा दिवसांचे युद्ध संपले. पांडव शिबिरापाशी आले. नेहमी सारथी आधी उतरतो आणि मग रथी. त्या दिवशी श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणाले, आज तू आधी उतर. गांडीव घे, भाते घे आणि बाजूला हो. अर्जुन उतरला. मग भगवंतांनी लगाम सोडले आणि ते उतरले. ध्वजावरचा कपिश्रेष्ठ अंतर्धान पावला. आणि पाहता पाहता तो दिव्य रथ, घोड्यांसह, जळून भस्म झाला. अर्जुन चकित झाला. भगवंतांनी सांगितले, की द्रोण-कर्णांच्या अस्त्रांनी हा रथ केव्हाच दग्ध झाला होता. मी बसलो होतो म्हणून तो उभा होता. आता तुझे कार्य झाले, म्हणून मी त्याला सोडले.

हा रथ काही सामान्य नव्हे. खांडववनाच्या प्रसंगी तो अग्नीने अर्जुनाला मिळवून दिला होता. त्याच्यावर प्रत्यक्ष भगवंत बसले होते. तरीही कार्य संपल्यावर त्यांनी तो राखून ठेवला नाही. त्यांनी आधी कोणाला वाचवले? रथीला. अर्जुनाला खाली उतरवल्यावरच रथाचे जे व्हावयाचे ते होऊ दिले.

आजोबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे गुरुमहाराजांनी आजवर सांभाळलं म्हणायचं.” आम्ही म्हटले, “सांभाळलंच. पण आजोबा, आता उतरायला ते सांगतायत असं समजा.”

त्या घराने नवमीला गाडीची पूजा केली. आत ठेवलेले सामान आधी काढले, कागदपत्रे काढली, आणि शेवटी समोर लावलेली दत्तमहाराजांची तसबीर आजोबांनी स्वतःच्या हाताने काढून देवघरात नेली. सण झाल्यावर गाडी मोडणीच्या केंद्रात गेली. नवी गाडी त्यांनी लगेच घेतली नाही. पुढचे काही महिने मुले शेजारच्या मुलांबरोबर रिक्षाने शाळेत गेली. आजोबांची अंगणातली ती जागा रिकामी दिसते म्हणून मनाला लागते, हेही खरे. तसे लागणारच. त्यावर कोणाजवळ औषध नाही. पण सूनबाई आता दारात उभ्या राहत नाहीत, हे आजोबांनीच आम्हांस सांगितले.

निरोपही पूजाच

जगन्नाथपुरीला प्रत्यक्ष देवाच्या रथयात्रेसाठी तिन्ही रथ दरवर्षी नवे बांधले जातात. ज्या रथाची दोरी ओढण्यासाठी लाखो हात पुढे होतात, तोही यात्रा झाल्यावर उकलला जातो. देवाच्या रथाला जो नियम, तोच आपल्या दारच्या गाडीला लावताना मनात अपराध बाळगू नये. गणपती आणि गौरी ज्यांच्या घरी येतात त्यांना निरोप म्हणजे अनादर नव्हे, हे वेगळे सांगावयास नको.

म्हणून आमचे सांगणे थोडक्यात असे. सांगाडा शाबूत आहे, भाग मिळतात, मिस्त्री जाणता आहे आणि काम गाडीला झेपणारे आहे, तर खुशाल दुरुस्ती करा. नव्याच्या मोहाने तिला हिणवू नका. तो खरा जीर्णोद्धार आहे आणि त्यात लक्ष्मीही राखली जाते. पण हाडच गंजले असेल, ब्रेक आणि स्टिअरिंग यांची खात्री देता येत नसेल, तर इंजिन कितीही गोड चालो, माया बाजूला ठेवून तिला निरोप द्या. आणि हा निर्णय माळ घालण्यापूर्वी करा. दसऱ्याच्या आठ दिवस आधी गाडी मिस्त्रीकडे न्या, वर उचलून पाहा, मग फुले आणा.

दसऱ्याला आपण एकमेकांना आपट्याची पाने सोने म्हणून देतो आणि ‘जुने ते सोने’ असेही म्हणतो. सोन्याला सोनार कसोटीवर घासून पाहतो, त्यात सोन्याचा अपमान होत नाही. जुन्या वाहनालाही तशीच कसोटी लावावी. घरातून निघालेला प्रत्येक प्रवासी, मग तो देवदर्शनाला गेलेला असो की शाळेला, दिवेलागणीला सुखरूप घरी परतावा, आणि त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या माउलीची चिंता दूर व्हावी, हीच या विजयादशमीच्या मंगल दिनी श्रीगुरूंच्या चरणी आमची प्रार्थना.